'मशीन आपोआप पडलं' : इगतपुरीच्या रुळांपासून अंबडच्या प्रेसपर्यंत

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

काही वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये एका पोराची दोन बोटं गेली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कारखान्याचा नाहीच. पोरगा विशीतला, ठेकेदाराकडचा. मी दवाखान्यात गेलो तेव्हा हाताला बँडेज होतं आणि तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "दादा, मी पेडलवर पाय ठेवलाच नव्हता. मशीन आपोआप पडलं."

मालक म्हणाले, "मशीन कधी आपोआप पडतं का हो? लक्ष नसतं यांचं, मोबाईल असतो हातात." सुपरवायझर तेच म्हणाला. मी आपला डिप्लोमावाला पत्रकार, मशीनमधलं मला काय कळणार? दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी दिली. त्यात 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' असे शब्द होते. ते मी लिहिले होते, दुसऱ्या कोणी नाही.

ही पोस्ट त्या दोन शब्दांबद्दल आहे. पण ती सांगायला मला इगतपुरीला जावं लागेल.

मामांची रिले रूम

माझे मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, इगतपुरीला. लहानपणी सुट्टीत आम्ही तिकडे जायचो. त्या काळी मुंबईकडून आलेली प्रत्येक मोठी गाडी इगतपुरीला चांगली पंधरा-वीस मिनिटं उभी राहायची. लोक खाली उतरायचे, वडे खायचे, बाटल्या भरायचे. आम्हाला वाटायचं गाडी घाट चढून दमली म्हणून थांबते. मामा हसायचे. "गाडी दमत नाही रे. इथं वीज बदलते."

हे वाक्य नीट कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

थोडा इतिहास सांगतो. थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे आली १८६५ मध्ये. चढ ३७ फुटांना एक फूट. आजही कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. वाफेच्या इंजिनांना हा घाट म्हणजे रोजची परीक्षा होती. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी धावली आणि पुढच्या पाच वर्षांत जीआयपी रेल्वेने वीज दोन्ही घाटांवर चढवली, तिकडे पुण्याला आणि इकडे इगतपुरीला. वीज कल्याणजवळच्या चोळ्याच्या रेल्वेच्याच वीजघरातून यायची. ही वीज १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, बॅटरीसारखी.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेने फ्रान्सकडे पाहून वेगळा रस्ता धरला. २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे घरातल्यासारखीच सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी वीज. तार बारीक लागते, सबस्टेशन कमी लागतात, खर्च वाचतो. साठच्या दशकाच्या शेवटाला इगतपुरीच्या पुढे मनमाड, भुसावळकडे वीज गेली ती ही. म्हणजे इगतपुरीच्या अलीकडे एक वीज आणि पलीकडे दुसरी. म्हणून इथं इंजिन बदलायचं. नाशिककरांच्या कितीतरी पिढ्यांनी या दोन विजांच्या सीमेवर उभं राहून वडे खाल्ले आहेत.

पण मामांचं काम इंजिनाशी नव्हतं. त्यांचं काम रुळांशी होतं.

रुळातून जाणारी दोन पाणी

स्टेशन मास्तरला कसं कळतं की अमुक रुळावर गाडी उभी आहे? आधी माणूस बघायचा, झेंडा दाखवायचा, चुकायचा, माणसं मरायची. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने एका साध्या युक्तीचं पेटंट घेतलं. रुळाच्या एका तुकड्याला एका टोकाला छोटी बॅटरी लावायची, दुसऱ्या टोकाला रिले. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच. रूळ मोकळा असेल तर वीज एका रुळाने जाते, दुसऱ्याने येते, रिले वर उचललेला राहतो, सिग्नल हिरवा देता येतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज मधूनच परत फिरते, रिलेपर्यंत पोचत नाही. रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो. सिग्नल लाल.

यातली गंमत बघा. बॅटरी संपली तर रिले पडतो. तार तुटली तर पडतो. रूळ तुटला तरी बहुतेक वेळा पडतो. काहीही बिघडलं तरी उत्तर एकच, लाल. 'सगळं ठीक आहे' हे सांगायला वीज लागते. 'धोका आहे' हे सांगायला काहीच लागत नाही, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण पुरतं. मामा म्हणायचे, "आमचा रिले भित्रा असतो. भित्रा असतो म्हणून माणसं जगतात."

आज इंजिनिअर लोक ज्याला 'फंक्शनल सेफ्टी' म्हणतात, तिचं मूळ हे आहे. यंत्र बिघडणार हे गृहीत धरायचं आणि बिघडलं तर कोणत्या बाजूला पडेल ते आधी ठरवून ठेवायचं.

आता विजेची गाडी आणा. इंजिन वरच्या तारेतून वीज घेतं, ती परत जाते कुठून? त्याच रुळांतून. शेकडो अँपिअर. म्हणजे एकाच पाटात दोन पाणी वाहायला लागलं, इंजिनाचा पूर आणि सिग्नलचा थेंबभर प्रवाह. पुरातलं थोडं पाणी चुकून रिलेत शिरलं तर? रुळावर गाडी उभी असताना रिले वर उचलला जाईल. मास्तरला दिसेल, रूळ मोकळा आहे. मागची गाडी हिरव्यावर सुटेल.

बघा, तार तुटलेली नाही, बॅटरी संपलेली नाही, एकही भाग बिघडलेला नाही. फक्त एका यंत्राची वीज दुसऱ्या यंत्राच्या कानात बोलली, आणि भित्रा रिले शूर झाला. एका यंत्राने दुसऱ्याला असा त्रास देऊ नये आणि दुसऱ्याने असा थोडाफार त्रास सहन करावा, या शास्त्राला 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक कंपॅटिबिलिटी' म्हणतात, तोंडी ईएमसी. मी त्याला शेजारधर्म म्हणतो. आपल्या रेडिओचा आवाज शेजाऱ्याला नको आणि शेजाऱ्याच्या लग्नाच्या बँडने आपण वेडं व्हायला नको.

रेल्वेने हा प्रश्न कसा सोडवला? जिथे गाडी डीसीवर तिथे रुळातला सिग्नलचा प्रवाह एसी ठेवायचा, आणि त्या रिलेला डीसी ऐकूच येणार नाही असा बनवायचा. जिथे गाडी एसीवर तिथे उलटं, सिग्नलला डीसी आणि एसीला न बधणारा रिले. म्हणजे दोघांची भाषाच वेगळी.

मग जिथे दोन्ही विजा भेटतात तिथे काय? डीसी वापरता येत नाही, ५० हर्ट्झ एसी वापरता येत नाही. ५० च्या पटीतले १००, १५० हेही नकोत, कारण इंजिनाच्या विजेचे पडसाद नेमके त्या पटींत उमटतात. अशा दुहेरी भागांसाठी रेल्वेने ८३ आणि एक तृतीयांश हर्ट्झ हा विचित्र आकडा धरला. पन्नासच्या कुठल्याच पटीत न बसणारा. दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधल्या बोळातून वाट काढावी, तसा.

हे फक्त रुळांपुरतं नव्हतं. २५ हजार व्होल्टची तार रुळावरून गेली की तिच्या कडेने जाणाऱ्या टेलिफोन-तारखात्याच्या तारांत नुसत्या सान्निध्याने वीज चढते. बोलणाऱ्याला गुणगुण ऐकू येते, जास्त झाली तर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसतो. म्हणून एसी विद्युतीकरणात खांबांवरच्या तारा काढून जमिनीखाली केबल टाकावी लागली आणि रुळांतली वीज ओढून परतीच्या तारेत घालायला बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवावे लागले. गाड्या पळवायच्या आधी रेल्वेला पोस्टाशी शेजारधर्म पाळावा लागला.

पुढे मुंबईची डीसी काढून एसी करायचं ठरलं तेव्हा हेच सगळं पुन्हा करावं लागलं. २०१५ च्या जूनमध्ये मध्य रेल्वेच्या मेन लाईनवरचा शेवटचा तुकडा एसी झाला, हार्बर पुढच्या वर्षी. लोक विचारायचे, तारेतली वीजच तर बदलायची, एवढी वर्षं का लागतात? कारण वीज बदलायच्या आधी प्रत्येक स्टेशनातली रुळांची ती 'भाषा' बदलावी लागते. एक जुना रिले चुकून राहिला तर लोकल लोकलवर जाईल.

आणि एक गोष्ट मला लहानपणीची आठवते. रिले रूमला दोन कुलपं असायची. एक किल्ली मास्तरकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. एकट्या माणसाला आत जाता यायचं नाही. मी विचारलं, "मामा, आत सोनं आहे का?" म्हणाले, "सोनं नाही, मोह आहे. एक वायरचा तुकडा टाकला की लाल सिग्नल हिरवा होतो. तेवढा मोह कोणालाच एकट्याने होऊ नये."

आता अंबडला या

नाशिकची एमआयडीसी साठच्या दशकापासूनची. आधी सातपूर, मग अंबड. मायको आली, महिंद्रा आली, एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन आले. या मोठ्यांना सुटे भाग पुरवायला मागच्या गल्ल्यांत शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. पत्र्याला आकार देणारे पॉवर प्रेस हा त्या गल्ल्यांचा श्वास आहे. धाडधाड आवाज रात्रीसुद्धा येतो.

जुन्या प्रेसला मोठं चाक, क्लच आणि पेडल, सगळं लोखंडी. त्यातही बोटं जायची, खूप जायची. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २१ म्हणायचं, यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घाला. त्या काळचा धोका दिसायचा, म्हणून उपायही दिसायचा, जाळी, झाकण, पट्ट्यावरचं कव्हर.

मग पॅनेल आलं. पेडलची दांडी गेली, विजेचा फूट स्विच आला. क्लच हवेवर चालायला लागला, हवा सोडणारा व्हॉल्व्ह विजेवर, आणि त्याला हुकूम देणारा छोटा संगणक, ज्याला सगळे पीएलसी म्हणतात. समोर लाईट कर्टन आला, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा, हात मध्ये आला की मशीन थांबतं. आणि वीज वाचवायला, वेग कमीजास्त करायला मोटारींना ड्राइव्ह लागले.

हा ड्राइव्ह म्हणजे मोठा गोंगाट्या शेजारी. तो मोटारीची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. आपल्याला ऐकू येतं ते बारीक शिट्टीसारखं, पण त्याच्या केबलभोवती विजेचा कल्लोळ असतो. त्या केबलला लागून सेन्सरची बारीक वायर एकाच पट्टीतून नेली, शिल्ड नसलं, अर्थिंग नावापुरतं असलं, की तो कल्लोळ सेन्सरच्या वायरीत उतरतो. पीएलसीला वाटतं, कोणीतरी बटण दाबलं. खांद्याला वॉकीटॉकी लावून कोणी पॅनेल उघडून उभं राहिलं तरी हे होऊ शकतं. कारखान्यातल्या यंत्राने निदान १० व्होल्ट प्रति मीटर एवढं रेडिओचं क्षेत्र सहन करावं असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पाच वॅटचा वॉकीटॉकी एका मीटरवर तेवढं क्षेत्र सहज उभं करतो, जवळ नेला तर त्याहून जास्त.

हा शोध काही नवा नाही. १९२७ ला मुंबईत रेडिओ स्टेशन सुरू झालं, तसंच जगभर सुरू होत होतं, आणि ट्राम, लिफ्ट, मोटारींची खरखर गाण्यात यायला लागली. १९३४ मध्ये या खरखरीसाठी सिस्पर नावाची आंतरराष्ट्रीय समिती बसली. तेव्हा प्रश्न गाणं बिघडण्याचा होता. माणूस मरण्याचा प्रश्न पुढे आला. २९ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर एका विमानाचा रॉकेट जागच्या जागी सुटला. विमान बाहेरच्या विजेवरून स्वतःच्या विजेवर घेताना विजेचा एक झटका आला, तेवढं पुरलं. आगीत १३४ जण गेले. तो रॉकेट कोणी उडवला नव्हता. तो 'आपोआप' उडाला होता.

त्या दिवशी काय झालं असावं

बातमी छापून आल्यावर काही महिन्यांनी एक इलेक्ट्रिशियन भेटला. पॅनेलचं काम करतो, त्या शॉपमध्ये नंतर त्याला बोलावलं होतं. त्याने चहाच्या टपरीवर मला सगळं सांगितलं, नाव न लिहिण्याच्या बोलीवर.

प्रेसशेजारी नवा कन्व्हेअर बसवला होता. त्याला ड्राइव्ह. ड्राइव्हची केबल आणि प्रेसच्या फूट स्विचची वायर एकाच पट्टीत, मिठी मारून. कन्व्हेअर सुरू झाल्यापासून प्रेसचा लाईट कर्टन विनाकारण ट्रिप व्हायला लागला. तासाला दहा वेळा. हात मध्ये नाही, तरी मशीन बंद. जॉब पडून, शिफ्टचा आकडा होत नाही, सुपरवायझर ओरडतो. मग कोणीतरी कर्टनच्या टर्मिनलवर वायरचा तुकडा टाकला. आपल्याकडे याला 'लूप मारला' म्हणतात. मशीन गुपचूप चालायला लागलं. सगळे खूश.

पुढचं तुम्हाला कळलं असेल. ज्या नॉइजमुळे कर्टन ट्रिप होत होता, तोच नॉइज फूट स्विचच्या वायरीत शिरत होता. कर्टन खोटं ओरडत नव्हता. या घरात काहीतरी शिरलंय हे तो त्याच्या भाषेत सांगत होता. आपण त्याचं तोंड बांधलं. आणि एक दिवस पीएलसीला वाटलं पेडल दाबलं. पोराचा हात डायमध्ये होता.

हे कोर्टात सिद्ध झालेलं नाही. होणारही नाही, कारण नॉइज मागे काही ठेवत नाही. ना जळका वास, ना तुटकी तार. मशीन दुसऱ्या दिवशी शंभर वेळा चालवून बघा, व्यवस्थित चालेल. मग राहतं कोण? ज्याचा हात होता तो. 'निष्काळजीपणा' हा शब्द अशा रिकाम्या जागी बसतो. रेल्वेत निदान डेटालॉगर असतो, कोणता रिले कधी पडला, कधी उचलला याची नोंद राहते. आमच्या गल्लीतल्या प्रेसला कसली नोंद!

इलेक्ट्रिशियनचं शेवटचं वाक्य मी विसरलो नाही. "भाऊ, शिल्डवाली केबल आणि वेगळी पट्टी, किती खर्च होता? एका दिवसाचं प्रॉडक्शन."

फक्त केबलने भागत नाही

काही जण म्हणतील, मग चांगली केबल टाका, संपलं. नाही संपत. मामांचा रिले आठवा. कल्लोळ अडवणं ही पहिली भिंत. पण ती भिंत कधीतरी फुटणार असं धरून दुसरी उभी करायची असते. केबलचं शिल्ड सैल होतं, अर्थिंग गंजतं, पाच वर्षांनी शेजारी नवं मशीन येतं. लॅबमध्ये नव्या मशीनची एकदा घेतलेली चाचणी वीस वर्षांची हमी देत नाही.

म्हणून चांगल्या प्रेसमध्ये हुकूम देणाऱ्या वाटा दोन असतात. दोन हातांनी दोन बटणं, तीही जवळपास एकाच क्षणी दाबावी लागतात. व्हॉल्व्ह एकाच्या जागी दोन, एक अडकला तरी दुसरा हवा सोडतो. आणि त्या दोन वाटांवर पहारा ठेवणारा सेफ्टी रिले, दोघांचं उत्तर जुळलं नाही तर मशीन बंद, आणि पुन्हा सुरूच होऊ देत नाही. एका नॉइजने एकाच वेळी दोन वाटा फसू नयेत म्हणून त्या वाटा शक्यतो वेगळ्या जातीच्या ठेवतात, एक बंद होणारा संपर्क, एक उघडणारा. दोन शेजाऱ्यांना वेगवेगळ्या भाषा. परत तेच, इगतपुरी.

युरोपने ही अक्कल १९८९ मध्ये कायद्यात घातली. मे महिन्यात ईएमसीचा निर्देश, जूनमध्ये यंत्रसुरक्षेचा. पाठोपाठ. जगाचं फंक्शनल सेफ्टीचं मूळ मानक, आयईसी ६१५०८, १९९८ पासून आलं. आमच्याच एमआयडीसीतले कारखाने जर्मनीला माल पाठवताना हे सगळं पाळतात. एक्स्पोर्टच्या मशीनला दोन व्हॉल्व्ह, गल्लीतल्या मशीनला एक. बोटं दोन्हीकडे सारखीच असतात.

आपल्याकडे केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला यंत्रं आणि विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा आदेश काढला. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, धातुकामाची मशीन टूल्स, कापडाची यंत्रं, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर असं बरंच त्यात आलं. बनवणाऱ्याने आणि आयात करणाऱ्याने बीआयएसचं प्रमाणपत्र घ्यावं. त्यातलं पायाचं मानक आयएस १६८१९ सांगतं की धोका आधी डिझाईनमध्येच काढा, नाही निघाला तर कुंपण घाला, आणि सूचनेचा बोर्ड सगळ्यात शेवटी. आमच्याकडे क्रम उलटा असतो, आधी बोर्ड. एक वर्षात लागू व्हायचं होतं. २०२५ च्या जूनमध्ये मुदत १ सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे गेली.

छोट्या उद्योजकांचं म्हणणंही मी ऐकलंय आणि ते सगळं खोटं नाही. चाचणीचा खर्च, कागदपत्रं, कन्सल्टंटची फी, मोठ्या कंपन्या दर वर्षी भाव कमी करून मागतात तो वेगळाच. पंधरा कामगारांचं वर्कशॉप चालवणारा माणूस स्वतः कर्जात असतो. पण मग त्याच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्याने विचारायला नको का, की माझा हा तुकडा कोणत्या प्रेसवर, कोणाच्या हाताने निघाला? शिवाय असा आदेश नव्या मशीनसाठी असतो. गल्ल्यांतले पंचवीस वर्षं जुने, तीनदा विकले गेलेले, चौथ्या इलेक्ट्रिशियनने वायरिंग बदललेले प्रेस त्यात येत नाहीत. आणि बोटं बहुतेक तिथेच जातात.

लूप

२ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला. २९० हून जास्त माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघालं? सिग्नलच्या एका पेटीत आधीच्या कामात वायरी चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. सांधा एका बाजूला आणि सिग्नल दुसऱ्या बाजूचं सांगत होता. दीडशे वर्षांची भित्र्या रिलेची पुण्याई, आणि एका पेटीतल्या चुकीच्या वायरीने ती पुसून टाकली.

ती बातमी आली तेव्हा मामा आमच्याकडे होते. टीव्ही बघत बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन कुलपं फक्त दाराला नसतात रे, डोक्यालाही लागतात."

मी त्यांना तेव्हा प्रेसची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पोरगा खरं बोलत होता. आमच्याकडे 'आपोआप' असं कोणी म्हणालं की आम्ही हसत नाही. आम्ही पेटी उघडतो."

पत्रकारितेच्या डिप्लोमात मला कोणी हे शिकवलं नव्हतं. पोलीस काय म्हणाले, मालक काय म्हणाले, हे विचारायला शिकवलं. पेटी उघडायला सांग, हे कोणी शिकवलं नाही.

तर ज्यांचा प्रेसशी, मशीनशी रोजचा संबंध आहे त्यांना एवढंच सांगतो. उद्या शिफ्टला गेलात की बघा, तुमच्या मशीनचा कर्टन, दरवाजाचा स्विच, इमर्जन्सी बटण खरंच जोडलेलं आहे की कुठे लूप मारलाय. विनाकारण ट्रिप होत असेल तर तो बिघाड समजा, कटकट समजू नका. ड्राइव्हची केबल आणि सेन्सरची वायर एका पट्टीत असेल तर फोटो काढून मालकाला दाखवा. मालकांनो, तुमच्या इलेक्ट्रिशियनला एकच प्रश्न विचारा, 'ही वायर तुटली तर मशीन थांबेल की पडेल?' त्याला उत्तर द्यायला वेळ लागला, तर त्या मशीनवर उद्या कोणाला बसवू नका. आणि अपघात होऊन कामगार ४८ तासांहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने तो सरकारला कळवायचा असतो, हे कामगारांनीही माहीत ठेवा.

राहिली माझी चार ओळींची बातमी. ती परत घेता येत नाही, कागद केव्हाच रद्दीत गेला. तो पोरगा आता एका दुकानात काम करतो, डाव्या हाताने बिल फाडतो. मागच्या महिन्यात त्याला भेटून आलो. म्हटलं, तेव्हा मी चुकीचं लिहिलं होतं. तू पाय ठेवला नव्हतास.

तो म्हणाला, "मला माहीत होतं ना दादा. पण घरच्यांना अजून वाटतं मीच ठेवला होता. त्यांना सांगाल का?"

त्याच्या घरच्यांसाठी, आणि ज्यांनी ती बातमी वाचली होती त्या सगळ्यांसाठी, इथे लिहून ठेवतो. त्याने पाय ठेवला नव्हता, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. कोणीही पेटी उघडून बघितली नव्हती. मीसुद्धा नाही.